परिसर अभ्यास, गावाच्या सोबतीने: विदर्भात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

मार्च लागला की गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातल्या शाळांत हजेरी घसरते. शाळा सकाळची झालेली असते आणि मोह वेचायची वेळही नेमकी तीच. उशिरा आलेल्या मुलाला विचारलं तर तो सरळ सांगतो, "मोह येचाले गेल्तो, सर." नव्या शिक्षकाला ही हजेरीची अडचण वाटते. मला मात्र वाटतं की वर्षभरातला परिसर अभ्यासाचा सगळ्यात चांगला तास त्या मुलाच्या टोपलीत असतो. कोणतं झाड आधी फुलतं, कोणत्या झाडाचं फूल गोड, अस्वल कोणत्या वाटेने येतं, कोणतं झाड कोणत्या घराने वेचायचं, हे सगळं त्याला ठाऊक असतं. त्यातलं वहीत मात्र काहीच उतरलेलं नसतं.

हा लेख बाहेरून इथे आलेल्यांसाठी आहे: मराठवाड्यातून किंवा पश्चिम महाराष्ट्रातून जिल्हा परिषदेच्या नाहीतर आश्रमशाळेत रुजू झालेले शिक्षक, नागपूर-अमरावतीहून आलेले कार्यकर्ते, गावात वर्ग घेणारी तरुण मुलं-मुली. तिसरी ते पाचवीचा परिसर अभ्यास आणि पुढच्या वर्गांचं सामान्य विज्ञान व भूगोल यांतच हे सगळं बसतं. वेगळा विषय मागायची गरज नाही.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. विदर्भातलं 'आदिवासी ज्ञान' असं एकच गाठोडं नाही. भामरागडकडचे माडिया, धानोरा-कोरचीतले गोंड, मेळघाटातले कोरकू आणि यवतमाळातले कोलाम यांची भाषा, देव, शेती आणि खाणं वेगवेगळं आहे. भंडारा-गोंदियात तलावाचं ज्ञान ढिवर समाजाकडे आहे आणि तलाव बांधायची परंपरा कोहळी समाजाची. अकोला-वाशिमच्या माळरानावर तितर, बटेर, तणमोर यांची जाण फासेपारधी समाजाइतकी क्वचितच कुणाला असेल. या शेवटच्या समाजाबद्दल विशेष जपा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली अनेक जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण लोकांच्या नजरेतला शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. पारधी मुलाला वर्गासमोर उभं करून "सांग, फासे कसे लावतात?" असं विचारू नका. तितराचा आवाज ओळखायला सांगा. बघा, तो किती फुलतो.

पहिली पायरी: परवानगी आणि ओळख

पहिला महिना फळ्यावर काहीही नवं लिहू नका. संध्याकाळी गावात फिरा. गोंडी गावांत 'जोहार' म्हणून सुरुवात करा. गावपाटील, भूमिया म्हणजे गावचा परंपरागत मुखिया, ग्रामसभेचे अध्यक्ष, वनहक्क समितीचे सदस्य यांना भेटा, आणि तितक्याच अगत्याने विहिरीवर, बोडीवर म्हणजे लहान तळ्यावर, तेंदूच्या फडीवर म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी भेटणाऱ्या बायकांशी बोला. जंगलातून रोज घरात काय येतं ते त्यांनाच नीट माहीत असतं.

विचारायचे प्रश्न साधे ठेवा. या दिवसांत जंगलातून काय आणता? लहानपणी होतं आणि आता दिसत नाही असं काय? कोणत्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही? पाऊस कसा ओळखता? एवढे प्रश्न कितीतरी संध्याकाळींना पुरतात. औषधाची मुळी कुठे मिळते आणि कशी उगाळतात, हे पहिल्या ओळखीत विचारू नका. पेनठाण्यात, म्हणजे देवाच्या जागी, बोलावल्याशिवाय जाऊ नका आणि गेलात तर मोबाइल खिशात ठेवा.

मग ग्रामसभेत विषय मांडा. मुलांना घेऊन जंगलात जायचं आहे, गावातल्या जाणत्यांना शाळेत बोलवायचं आहे आणि जे नोंदवू ते गावाला दाखवू, एवढंच सांगायचं. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर अनेक गावांचं जंगल सामूहिक हक्काने ग्रामसभेच्या ताब्यात आलेलं आहे, त्यामुळे तिथे जाण्याआधी तिला विचारणं ही निव्वळ रीतभात राहिलेली नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला, देशातल्या सगळ्यात आधीच्या हक्कांपैकी तो एक. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. या गावाची एक पद्धत शिक्षकांनी जरूर उचलावी. तिथे अभ्यासगट असतो. तो एखाद्या विषयाचा फक्त अभ्यास करतो, निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. मुलांचा गट हा गावाचा छोटा अभ्यासगट आहे असं ग्रामसभेत सांगा. हा शब्द लोकांना कळतो आणि पटतो.

जंगल वनविभागाकडे किंवा व्याघ्र प्रकल्पात असेल तर वनरक्षकाशीही बोलून घ्या. मेळघाट आणि ताडोबाच्या आसपास हे टाळता येत नाही.

दुसरी पायरी: गावाची ऋतुदिनदर्शिका

शाळेच्या पटांगणात चुन्याने मोठं वर्तुळ काढा, त्याचे बारा भाग करा. महिन्यांची नावं मुलं ज्या नावांनी ओळखतात तीच लिहा. मग मुलांना घरी पाठवा: आजी-आजोबांना विचारून त्या महिन्यात मिळणारी, केली जाणारी किंवा खाल्ली जाणारी एकेक वस्तू आणा. पान, बी, पीस, माती, काहीही चालेल. ज्याच्या हंगामाची वस्तू आता मिळत नाही, त्याचं चित्र.

पूर्व विदर्भात हे वर्तुळ साधारण असं भरतं. उन्हाळ्याच्या तोंडावर पळस आणि मोह, मग चार म्हणजे चारोळीची फळं, तेंदूची फळं, आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी भाजी, कुड्याची फुलं, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, वारुळावरची आळिंबी म्हणजे टेकोडे, काटवल. शेतात पऱ्हे टाकणं म्हणजे धानाची रोपं तयार करणं, मग रोवणा म्हणजे लावणी, ज्याला पाणी कमी त्याची आवत्या म्हणजे बी फेकून पेरणी. दिवाळीच्या सुमारास धान कापणी. हिवाळ्यात आवळा, बेहडा, हिरडा. पश्चिम विदर्भातल्या कापूस-सोयाबीनच्या गावात हे वर्तुळ वेगळं भरेल. जंगल नसलं तरी धुरा म्हणजे शेताचा बांध, पांदण, ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान जमीन आणि नाल्याचा काठ असतोच, आणि तिथे काय उगवतं ते निंदणाला जाणाऱ्या बाईला विचारायचं.

आता त्या वर्तुळाच्या बाहेर दुसरं वर्तुळ काढा. त्यात प्रत्येक वस्तूबद्दलचा गावाचा नियम लिहायचा. इथे खरा विषय उघडतो. गोंड आणि माडिया गावांत नवं फळ, नवं धान्य आधी त्याचा पंडुम म्हणजे सण झाल्याशिवाय खात नाहीत. आंब्याचा पंडुम होईपर्यंत कैरी तोडायची नाही. मुलांना विचारा, असं केल्याने आंब्याचं काय होतं? कोय पक्की होते, सगळ्यांना एकाच वेळी फळ मिळतं, जोरदाराने आधी ओरबाडून नेलं असं होत नाही. ही उत्तरं मुलं स्वतः देतात. मात्र "म्हणजे हा नियम विज्ञानासाठीच केला होता" असं म्हणून मोकळं होऊ नका. गावासाठी तो देवाचा आणि पूर्वजांचा नियम आहे, आणि त्याचा झाडाला फायदाही होतो. दोन्ही गोष्टी वर्गात शेजारी शेजारी राहू द्या.

कुळांचंही तसंच. गोंड समाजात चार, पाच, सहा, सात देवांची कुळं आहेत आणि कुळाचं जपायचं झाड, प्राणी किंवा पक्षी असतो. "तुझ्या घरी कोणत्या प्राण्याला मारत नाहीत?" हा प्रश्न प्रत्येक मुलाने घरी विचारून यावा. उत्तरं फळ्यावर मांडली की गावात कशाकशाला संरक्षण आहे त्याचा नकाशाच तयार होतो. ज्या घरात असा नियम नाही त्या मुलाला कमीपणा वाटणार नाही हे बघा. वारकरी, बौद्ध, मुसलमान घरांतही झाडाला, पाण्याला जपण्याच्या रीती असतात. त्याही फळ्यावर येऊ द्या.

तिसरी पायरी: एक झाड, एक वर्ष

नवा शिक्षक उत्साहाने पन्नास वनस्पतींची यादी करायला घेतो आणि पावसाळा संपेपर्यंत दमतो. मी सांगेन, एकच झाड घ्या. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात मोह घ्या. इतरत्र पळस, कडुनिंब, बाभूळ, जे गावात सगळ्यांच्या ओळखीचं असेल ते. गावाजवळची चार-पाच झाडं निवडा, त्यांना मुलांनी नावं द्यावीत आणि प्रत्येक गटाने एका झाडाची वही ठेवावी.

फेब्रुवारीत मोहाची पानं गळतात. मग कळ्यांचे झुबके येतात, आणि रात्री उशिरापासून सकाळपर्यंत रसाळ, फिकट पिवळी फुलं टपटप खाली पडतात. गोडव्याने वटवाघळं येतात, खाली चितळ आणि अस्वल येतं. वटवाघळं एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात, पुढे फळं खाऊन बियाही लांब नेऊन टाकतात. फुलं संपता संपता तांबूस कोवळी पालवी फुटते. पावसाळ्याच्या तोंडावर टोळी म्हणजे मोहाचं फळ पिकतं, त्याच्या बियांचं तेल काढतात. या प्रत्येक टप्प्याची तारीख वहीत आली की झाडाचं वर्ष मुलांच्या हाती येतं.

वेचणीच्या दिवसांत गणित आणि विज्ञान झाडाखालीच होतं. वर्गाला एक काटा लागतो, किराणा दुकानातला उसना आणला तरी चालतो. एका झाडाखालची एका सकाळची फुलं तोला. तीच फुलं चटईवर वाळत घाला, रोज एकाच वेळी तोला, आलेख काढा. ओल्याचं सुकं किती उरतं, ढगाळ दिवशी किती वेळ लागतो, काळी पडलेली फुलं व्यापारी का नाकारतो, हे सगळं त्यातून निघतं. बाजारभाव मुलांना माहीतच असतो. आज विकलेला मोह आणि पावसाळ्यापर्यंत घरात ठेवलेला मोह यांत किती फरक पडतो, हा हिशेब पाचवीची मुलं बोटांवर करतात. दारूचा विषय निघेलच. टाळू नका, पण घाबरूही नका. मोहाचे लाडू, भाकरी, सुकवून शिजवलेली फुलं हा दुष्काळातला आधार होता हे आजीच्या तोंडून वर्गात येऊ द्या.

आणि मग आग. हा प्रश्न नाजूक आहे, तरी तो घ्यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. फुलं स्वच्छ दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. वाऱ्याने ती आग जंगलात पसरते आणि त्यात रोपं, पक्ष्यांची अंडी, सरपटणारे जीव जळतात. शिक्षकाने उभं राहून "आग लावू नका" असं भाषण दिलं तर मुलं घरी जाऊन आईला गुन्हेगार ठरवतात. त्यापेक्षा मोजायला लावा. जाळलेल्या झाडाखाली आणि खराट्याने झाडून काढलेल्या झाडाखाली दोरीने एकसारखा चौकोन आखा. दोन्हीकडे मोहाची रोपं मोजा, जमिनीत काडी किती खोल जाते ते पाहा, मूठभर पाचोळ्यातले किडे मोजा. जाळी किंवा जुनी साडी अंथरून फुलं गोळा करून पाहा, वेळ किती वाचतो तेही टिपा. निकाल काहीही येवो, तो ग्रामसभेत मुलांनी मांडावा. चौकोनातल्या रोपांकडे बोट दाखवून एखादी आजीच म्हणते, "हे त मोहाचं लेकरू आहे, याले कोन जाळते!" पोस्टरपेक्षा हे एक वाक्य गावात जास्त फिरतं.

तेंदूचंही असंच करता येतं, पण ते मे महिन्यात येत असल्याने सुट्टीतला प्रकल्प म्हणून द्या. सत्तर पानांचा एक पुडा, मजुरी शेकडा पुड्यांवर, हजार पुड्यांचं एक पोतं. एका पोत्यात पानं किती, एका घराने किती झाडं खुडली असतील, खुटकटाई म्हणजे छाटणी केलेल्या आणि न केलेल्या झुडपाला पानं किती येतात. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावसारख्या ग्रामसभेने तेंदू तोडणं बंद करायचं ठरवलं, बांबूवर भर दिला आणि जंगलाचा काही भाग देवराईसारखा राखून ठेवला. दुसऱ्या गावांनी तेंदू चालू ठेवला. मुलांनी दोन्ही बाजू मांडाव्यात.

चौथी पायरी: माती आणि पाणी

पुस्तकात काळी, तांबडी, गाळाची माती असते. झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगल-धानाच्या भागातला, शेतकरी कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार, बर्डी असं सांगतो आणि कोणत्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, काय पेरायचं ते त्यावरून ठरवतो. प्रत्येक मुलाने आपल्या शेतातली मूठभर माती, तिचं घरातलं नाव आणि तिथलं पीक सांगत आणावी.

दोन चाचण्या पुरतात. पहिली हाताची: माती भिजवून तळव्यांमध्ये वळायची. लांब वात वळली आणि तुटली नाही तर चिकणमाती जास्त, लगेच तुटली तर रेती जास्त. दुसरी बाटलीची: पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, खूप हलवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. रेती लवकर तळाशी बसते, वर गाळ, त्याच्या वर चिकणमाती, पाण्यावर पाचोळा तरंगतो. पट्टीने थर मोजा. मग बाटल्या शेतकऱ्यांच्या नावांप्रमाणे ओळीत लावा. कन्हारीच्या बाटल्या एकमेकींसारख्या आणि बर्डीच्या वेगळ्या दिसायला लागल्या की मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहण्यासारखं असतं: आपल्या आजोबांचे शब्द मोजपट्टीवर उतरतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळलेलं असतं. दोन-चार बाटल्या जुळणार नाहीत. त्या नेमक्या का जुळल्या नाहीत, हा पुढचा तास.

पावसासाठी सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवा. तळ खोलगट असतो म्हणून खडे आणि पाणी घालून शून्याची खूण करा, तिथून पट्टी चिकटवा. मोकळ्या जागी, झाडा-छपरापासून दूर ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी वाचा. हवामान खातं साडेआठला मोजतं, जमल्यास तीच वेळ धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे एकदा पक्कं झालं की शाळेच्या ६० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पडला तर १,५०० लिटर पाणी वाहून गेलं हे चौथीचं मूल सांगतं. मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशा नक्षत्रांप्रमाणेही बेरीज ठेवा, कारण घरी आजोबा त्याच भाषेत विचारतात.

भंडारा, गोंदिया आणि लगतच्या भागात मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, ही तर उघडी प्रयोगशाळा आहे. तलावाची पाळ, पाणी सोडायचं तुडुम, जादा पाणी जाण्याची सलांग, खालचे पाट आणि बांध्या हे सगळं पायी फिरून मुलांनी नकाशावर काढावं. सोबत ढिवर समाजातलं कुणीतरी हवंच. मरळ कुठे लपते, मागूर कधी चढतो, देवधान म्हणजे रानटी धान कुठे उगवतं, पोवन ही पाणवनस्पती आणि कमळ कुठे दाट होतं आणि तिथे कोणते मासे अंडी घालतात, हे त्यांच्याकडूनच ऐकावं. या भागात ढिवर संस्थांनी आणि बायकांनी काही तलावांतली बेशरमाची झुडपं उपटून काढली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या, त्यानंतर तिथे देशी मासे आणि पक्षी पुन्हा दिसू लागले. असं काम जवळपास असेल तर दुसरी कोणतीही सहल काढू नका, तिथेच जा.

पाचवी पायरी: ताडून पाहणं

गावात ऐकलेलं सगळं खरं मानायचं की अंधश्रद्धा म्हणून झटकायचं, या पेचात नवा शिक्षक अडकतो. ऐकलेलं नीट लिहा आणि मुलांसोबत ताडून पाहा, इतकंच करायचं.

बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो, असं सांगतात. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त. कावळ्याने घरटं कुठे बांधलं यावरून पाऊसमान. छान. बहाव्याला पहिला फुलोरा आला ती तारीख भिंतीवर लिहा. पहिला चांगला पाऊस कोणता मानायचा, समजा २५ मिलिमीटर, ते आधीच ठरवा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणून सुट्टीत पाऊस मोजायची जबाबदारी गावातल्या दोन मोठ्या मुलांना द्या. एका वर्षाने काहीही ठरत नाही. ही नोंद चार-पाच वर्षं चालली पाहिजे, म्हणून ती शाळेच्या कायम रजिस्टरमध्येच करा. अंदाज जुळला नाही तर आजोबांना जाऊन विचारा. बहुतेक वेळा ते अंदाजाला असलेली एखादी अट सांगतात जी मुलाने लिहिलेली नसते, आणि निरीक्षण किती बारकाईचं असतं हे तेव्हा कळतं.

निरीक्षणातून काय घडू शकतं याचं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचं शालेय शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंतचं. १९८३ साली आपल्या बांधीत त्यांना धानाच्या काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढची अनेक वर्षं वेगळ्या पेरल्या, निवडत राहिले आणि त्यातून एचएमटी हे वाण आलं. पुढे ते देशभर पेरलं गेलं. २०१८ मध्ये दादाजी गेले. मुलांना ही गोष्ट सांगा आणि कापणीआधी बांधीत घेऊन जा. प्रत्येकाने इतरांपेक्षा वेगळी दिसणारी एक लोंबी शोधायची: उंची, दाण्याचा रंग, कुसळ, पिकण्याचा दिवस. ती ओळख लिहून बी कागदाच्या पुडीत. लुचई, चिन्नोर, हिरानक्की अशी जुनी वाणं गावात कुणाकडे आहेत याचाही शोध घ्या.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. साप चावला की दवाखाना, आणि लगेच. मंत्र, मुळी, चिरा मारणं यांत वेळ घालवायचा नाही. अवयव हलू न देता १०८ ची गाडी बोलवायची किंवा मिळेल त्या वाहनाने सापाच्या विषावरची लस असलेल्या दवाखान्यात न्यायचं. गावातल्या पुजाऱ्यालाच हे सांगायला वर्गात बोलवा. तुमच्यापेक्षा त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि "आधी दवाखाना, मग माझ्याकडे" असं स्वतःहून सांगणारे पुजारी आज आहेत.

भाषेबद्दल थोडं

पहिली-दुसरीतलं गोंडी, माडिया, कोरकू किंवा कोलामी बोलणारं मूल झाडाला घरच्या नावाने हाक मारेल. ते नाव फळ्यावर पहिलं, मराठी नाव त्याच्या शेजारी. वर्गाच्या एका भिंतीवर असा शब्दकोश वाढू द्या, तुम्हीही त्यातून शिका. धानोरा तालुक्यात मोहगावला ग्रामसभांनी २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, यावरून भाषेची ओढ किती आहे ते लक्षात येईल. झाडीबोलीत उत्तर देणाऱ्या मुलाचीही वाक्यं दुरुस्त करत बसू नका. त्याला जे दिसलं ते आधी पूर्ण सांगू द्या.

रानात जाताना

मुलं जंगलातली असली तरी जबाबदारी तुमची. गावातली दोन मोठी माणसं सोबत, एक पुढे, एक मागे. पहाटे आणि संध्याकाळी जंगलात नेऊ नका. वाघ आणि अस्वल दोन्हींचा धोका तेव्हा जास्त असतो, आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे तर त्या वेळी अजिबात नेऊ नका. मोहाचे प्रयोग गावालगतच्या झाडांखाली, उजाडल्यावर. आग्या मोहोळ दिसलं तर वाट बदला. उन्हाळ्यात दहाच्या आत परत. वीज चमकायला लागली की झाडाखाली थांबायचं नाही. रानभाज्या आणि टेकोडे ओळखायला शिका, पण शाळेत शिजवायच्या भाज्या घरातल्या जाणत्या बाईने निवडलेल्याच असाव्यात. आळिंबी शाळेत शिजवूच नका, विषारी आणि खाण्याजोगीतला फरक अनुभवी माणसालाही कधी कधी चकवतो.

नोंदी कुणाच्या?

मुलांनी गोळा केलेलं ज्ञान गावाचं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. अनेक ठिकाणी ती घाईत, बाहेरच्या माणसाने भरलेली असते. मुलांच्या वह्या तिच्यात खरी भर घालू शकतात, म्हणून समितीशी आधी बोलून घ्या. औषधी वनस्पतींची नेमकी जागा, कृती आणि मात्रा मात्र लिहू नका आणि त्यांचे फोटो इंटरनेटवर टाकू नका. व्यापारी मुळी खणायला पोचतो तो अशाच माहितीवर. वैदूने "हे लिहू नका" म्हटलं की पेन खाली ठेवायचं.

शाळेत शिकवायला येणाऱ्या आजीची त्या दिवसाची मजुरी बुडते. शाळा व्यवस्थापन समितीतून किंवा गावाच्या निधीतून तिला मानधन द्या, ती बसेल ती जागा मुलांच्या समोर मधोमध असू द्या आणि चहा आधी तिला. वर्षातून एकदा, शक्यतो रोवण्याआधी, ग्रामसभेत मुलांनी नोंदी वाचून दाखवाव्यात. तिथे चुका दुरुस्त होतात, वाद होतात, कुणीतरी म्हणतं "आमच्या टोल्यावर असं नाही." तेही लिहून घ्या.

आकारिक मूल्यमापनात या कामाला जागा आहे. प्रकल्प, उपक्रम, तोंडी काम यांत ते नोंदवा. गुण देताना मूल किती नावं पाठ म्हणतं याकडे कमी आणि त्याने काय पाहिलं, काय मोजलं, कुणाला विचारलं याकडे जास्त बघा. हातांनी काम करत शिकायचा हा विचार विदर्भाला परका नाही, १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हाही काम हेच शिक्षणाचं माध्यम होतं. अधिकाऱ्यांनी विचारलं तर हे सांगता येतं.

बदली होणारच. तुमच्या वहीची एक प्रत शाळेत, एक ग्रामसभेकडे ठेवा, नुसती स्वतःच्या मोबाइलमध्ये नको. पर्जन्यमापक कोण वाचणार आणि बहाव्याची तारीख कोण लिहिणार, ते गावातल्या मोठ्या मुलांची नावं घालून ठरवा. नवे शिक्षक रुजू झाले की निघण्याआधी एक संध्याकाळ काढून त्यांना भूमियाच्या, ढिवराच्या आणि मोह सांगणाऱ्या आजीच्या घरी घेऊन जा आणि ओळख करून द्या.